ल्यूटनचा जिलबाब: थोरल्यांनी केलेली तडजोड, धाकट्यांनी मोडलेली

स्थलांतरित मुसलमान कुटुंबांतल्या पिढ्यांच्या भांडणाची गोष्ट आपल्याकडे बहुधा एकाच साच्यातून येते. आईवडील गावाकडचे, धर्माला घट्ट धरून राहिलेले. मुलं नव्या देशातल्या शाळेत जातात, मोकळी होतात आणि घरात खटके उडायला लागतात. अशी घरं आहेतच, आणि काही मुलींनी त्याची किंमत जिवानिशी मोजली आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये बर्लिनमध्ये एका कुर्दी वंशाच्या तरुण आईला तिच्याच धाकट्या भावाने बसथांब्याजवळ गोळ्या घातल्या. ती आपल्या मनाप्रमाणे जगत होती, एवढाच तिचा गुन्हा.

तरीही शिक्षक आणि समुपदेशकांच्या गटात या विषयावर बोलायचं असलं की मी बर्लिन बाजूला ठेवते आणि ल्यूटन घेते. इंग्लंडमधल्या ल्यूटन गावी २००२ मध्ये एका मुलीने शाळेच्या गणवेशाऐवजी जिलबाब, म्हणजे अंगभर पायघोळ सैल झगा, घालूनच शाळेत यायचं ठरवलं आणि तो वाद कोर्टात गेला. या प्रकरणात साचा उलटा पडतो. इथे थोरली पिढी सैल होती आणि धाकटी कडक. थोरल्यांनी नव्या देशाशी जुळवून घेतलं होतं, धाकट्यांनी ते नाकारलं, आणि नाकारताना भाषा वापरली ती त्याच नव्या देशाच्या कायद्याची. गेल्या दोन-तीन दशकांत युरोपातल्या अनेक मुसलमान घरांत जे चाललं आहे, ते समजून घ्यायला हे प्रकरण जास्त उपयोगी पडतं, असं माझं ठाम मत आहे.

गाव आणि शाळा

ल्यूटन लंडनच्या उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर. एके काळी टोप्यांसाठी नावाजलेलं, नंतर व्हॉक्सहॉलच्या मोटारींचं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते. काश्मीरच्या मीरपूर भागातून आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या सिल्हेटमधून जे पुरुष आले, त्यांतले काही इथे स्थिरावले. यायचं, चार पैसे जोडायचे, गावी घर बांधायचं आणि परत जायचं, असा त्यांचा बेत होता. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुल देशांतून येणाऱ्यांवर बंधनं आली. ये-जा अवघड झाली, तेव्हा पुरुषांनी बायकामुलांना बोलावून घेतलं आणि परतीचा बेत वर्षावर्षाने पुढे ढकलला गेला. बायका आल्या तशा मशिदी उभ्या राहिल्या, हलाल खाटिक आले, मुलांना कुराण शिकवणारे मकतब सुरू झाले. एकटा पुरुष धर्माबाबत जसा ढिला राहू शकतो, तसं कुटुंबाला राहता येत नाही. मुलं कुठल्या वळणावर जातील, ही काळजी तिथून सुरू झाली.

या गावातलं डेनबी हायस्कूल हे अकरा ते सोळा वयाच्या मुलामुलींचं सरकारी खर्चाने चालणारं विद्यालय. १९९३ मध्ये तिथे नव्वद टक्के विद्यार्थी मुसलमान होते. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा हे प्रमाण ७९ टक्के होतं, आणि शाळेत एकवीस वांशिक गटांची मुलं शिकत होती. १९९१ मध्ये यास्मिन बेवन मुख्याध्यापिका झाल्या तेव्हा शाळेची अवस्था वाईट होती. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी ती वर काढली. बेवनबाईंचा जन्म बंगाली मुसलमान कुटुंबातला, बालपण भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशात गेलेलं. शाळेच्या नियामक मंडळावर पालकांचे सहा प्रतिनिधी होते, त्यांतले चार मुसलमान. ल्यूटनच्या मशीद परिषदेचे अध्यक्षही त्याच मंडळावर होते.

एवढा तपशील मी मुद्दाम देते आहे. ‘गोऱ्यांची शाळा विरुद्ध मुसलमान मुलगी’ असं चित्र डोक्यात ठेवून हे प्रकरण वाचलं तर त्यातलं मर्म हातून निसटतं.

आता गणवेश. १९९३ मध्ये शाळेने त्याचा फेरविचार करायला गट नेमला. पालकांना, मुलांना, शिक्षकांना आणि गावातल्या तीन मशिदींच्या इमामांना विचारलं. त्यातून मुलींसाठी स्कर्ट आणि पँटबरोबर शलवार-कमीजचा तिसरा पर्याय पक्का झाला. कमीज बिनबाह्यांची, चौकोनी गळ्याची, म्हणजे आतल्या पांढऱ्या शर्टाची कॉलर आणि शाळेचा टाय बाहेरून दिसावा. शर्ट पूर्ण बाह्यांचा, त्यावर थंडीत जर्सी. शलवार सैल, घोट्याशी निमुळती. डोक्याला ठरलेल्या रंगाचा आणि कापडाचा स्कार्फ चालेल, असंही मंडळाने ठरवलं. इमामांनी हरकत घेतली नाही. हा वेश मुसलमान मुली घालत, तशाच काही हिंदू आणि शीख मुलीही घालत.

मला ही कमीज फार बोलकी वाटते. सिल्हेट-लाहोरकडचा पोशाख आणि इंग्रजी शाळेचा टाय एकाच अंगावर. परक्या देशात आलेल्या एका पिढीने तिथल्या संस्थेशी बसून, बोलून, मापं घेऊन केलेली ती तडजोड होती. तिच्यामागे मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. आमच्या मुलींनी अंग झाकलेलं असावं आणि त्यांनी शिकावं, एवढंच त्या आईबापांना हवं होतं. दोन्ही मिळालं.

३ सप्टेंबर २००२

शबीना बेगम सप्टेंबर २००० मध्ये या शाळेत दाखल झाली. घर शाळेच्या हद्दीबाहेर असूनही कुटुंबाने तिच्यासाठी आणि तिच्या मोठ्या बहिणीसाठी हीच शाळा निवडली होती. वडील ती शाळेत यायच्या आधीच वारले होते. घरात आई, दोन वर्षांनी मोठी बहीण आणि पाच वर्षांनी मोठा भाऊ. आईला इंग्रजी येत नव्हतं. पहिली दोन वर्षं शबीना शलवार-कमीज घालून शाळेत गेली, तिची काही तक्रार नव्हती.

३ सप्टेंबर २००२ हा नव्या सत्राचा पहिला दिवस. शबीना चौदाची व्हायला आली होती. त्या दिवशी ती भाऊ आणि आणखी एका तरुणाबरोबर शाळेत आली, अंगात पायघोळ, कोटासारखा जिलबाब घालून. मुख्याध्यापिका भेटू शकल्या नाहीत. साहाय्यक मुख्याध्यापक समोर आले. दोघा तरुणांनी सांगितलं की ती याच वेशात वर्गात बसेल, आणि मानवी हक्क, कोर्टकचेरी अशा भाषेत बोलायला सुरुवात केली. साहाय्यक मुख्याध्यापकांना त्यांचा पवित्रा धमकीचा वाटला. त्यांनी मुलीला सांगितलं, घरी जा, गणवेश घालून परत ये. तरुण म्हणाले, आम्ही तडजोड करणार नाही. तिघं निघून गेले.

मुलीचं म्हणणं असं होतं की वयात आलेल्या मुसलमान स्त्रीने अंगाचा आकार दिसणार नाही असा वेश करायला हवा, शलवार-कमीजने ते साधत नाही, आणि हे तिला तिच्या वाचनातून आणि श्रद्धेतून उमगलं आहे. शाळेचं म्हणणं, गणवेश मशिदींना विचारून ठरवला आहे आणि तो तुम्हाला ठाऊक असताना तुम्ही ही शाळा निवडली. पत्रं गेली-आली. शाळा म्हणत राहिली की ती गणवेशात केव्हाही येऊ शकते. ती म्हणत राहिली की जिलबाबशिवाय येणार नाही. त्याच परिसरात जिलबाब चालणाऱ्या तीन शाळा होत्या, पण सप्टेंबर २००४ मध्ये त्यांतल्या एका शाळेत जाईपर्यंत तिचं जवळजवळ दोन वर्षांचं शिक्षण बुडालं.

धाकटे असे का झाले

इथे थोडं थांबते, कारण गटात सगळ्यांत जास्त गैरसमज याच जागी होतात. कुणी म्हणतं, भावाने बहिणीला वेठीला धरलं. कुणी म्हणतं, कट्टर संघटनांनी पोरांची डोकी फिरवली. हिज्ब-उत-तहरीर या इस्लामी संघटनेचं नाव तेव्हाच्या ब्रिटिश वर्तमानपत्रांत या प्रकरणाबरोबर सतत येत होतं, हे खरं. पण संघटनेचं नाव घेतलं की विचार करायचं काम संपतं. मुळात अशा संघटनांना ऐकणारे कान कुठून मिळाले?

पहिल्या पिढीचा इस्लाम म्हणजे गावची रीत होती. कुठल्या पिराच्या दर्ग्याला जायचं, लग्नात काय करायचं, कुणाच्या घरात मुलगी द्यायची, डोक्यावरचा पदर किती पुढे घ्यायचा. हे सगळं आजीकडून आईकडे आलेलं असतं. त्याला पुस्तकाचा आधार आहे का, असं कुणी विचारत नाही, कारण आजूबाजूचे सगळे तसंच करत असतात. ल्यूटनमध्ये जन्मलेल्या किंवा वाढलेल्या मुलाच्या आजूबाजूला ते सगळे नसतात. तो शाळा सुटल्यावर मकतबात बसून अरबी कुराण वाचायला शिकतो, पण अर्थ कळत नाही. मशिदीतले मौलवी गावाकडून आणलेले, ते बंगाली नाहीतर उर्दूत बोलणार. मुलाच्या डोक्यातले प्रश्न इंग्रजीत. शाळेत मित्र विचारतात, तुम्ही हे का करता? आईला विचारावं तर ती म्हणते, आपल्यात असंच करतात. हे उत्तर सिल्हेटमध्ये पुरतं, ल्यूटनमध्ये पुरत नाही.

मग तो इंग्रजीत लिहिलेल्या पत्रकांकडे, महाविद्यालयातल्या इस्लामी मंडळांकडे, कॅसेटींकडे आणि पुढे इंटरनेटकडे वळतो. तिथे त्याला नेमकं उत्तर मिळतं, आधारासहित मिळतं, आणि त्याबरोबर हेही कळतं की आईवडिलांचा निम्मा धर्म म्हणजे नुसता देशी रिवाज आहे. १९८९ मध्ये सलमान रश्दींच्या कादंबरीवरून ब्रॅडफर्डमध्ये पुस्तकाची होळी झाली, तेव्हापासून या मुलांची ओळख ‘पाकिस्तानी’, ‘बंगाली’, ‘एशियन’ यावरून ‘मुसलमान’कडे सरकत होती. ११ सप्टेंबर २००१ नंतर तर सगळं जगच त्यांना त्या एका नावाने ओळखू लागलं. डेनबीच्या फाटकावरचा प्रसंग त्यानंतर वर्षभरानेच घडलेला आहे. त्याच २००२ मध्ये ल्यूटनमधलं व्हॉक्सहॉलचं मोटारींचं उत्पादन थांबलं. दोन्हींत कार्यकारण जोडायचा माझा विचार नाही, पण ज्या कारखान्याने या गावाला इतकी वर्षं पोसलं तो धाकट्यांच्या तोंडावर बंद झाला, हे त्या गावात वाढणाऱ्या मुलांबद्दल बोलताना विसरून चालत नाही.

आणि मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पुस्तकातला इस्लाम त्यांच्या हातात घरच्यांविरुद्धचं हत्यार देतो. चुलतभावाशी लग्न लावायला निघालेल्या बापाला मुलगी सांगू शकते की माझ्या संमतीशिवाय निकाह लागत नाही. लोक काय म्हणतील म्हणून कॉलेजला पाठवायला नाही म्हणणाऱ्या आईला सांगू शकते की ज्ञान मिळवणं स्त्रीवरही फर्ज आहे. इंग्रजी सुधारणेच्या नावाने हेच बोललं असतं तर घरात तिला बाटगी ठरवलं असतं. धर्माच्या नावाने बोलल्यावर बापाला उत्तर सुचत नाही. ब्रिटनमधल्या कितीतरी मुलींनी याच वाटेने शिक्षण मिळवलं, पसंतीचं लग्न केलं, नोकरी केली. त्याच वाटेवर जिलबाबही लागतो. म्हणून जिलबाब दिसला की दडपशाही, असं समीकरण मी मांडत नाही, आणि जिलबाब म्हणजे मुलीची स्वतंत्र निवडच, असंही सरसकट म्हणत नाही. शबीनाच्या बाबतीत यातलं काय किती होतं, ते बाहेरून कुणालाच नक्की सांगता येणार नाही.

ती स्वतः मात्र गप्प बसणारी मुलगी नव्हती. २००५ मध्ये अपील कोर्टात जिंकल्यावर तिने बाहेर येऊन स्वतः निवेदन केलं. शाळेचा निर्णय हा एका गावापुरता मामला नाही, ११ सप्टेंबरनंतर पाश्चात्त्य समाजांत तयार झालेल्या वातावरणाचा तो परिणाम आहे, असा तिचा रोख होता. सोळा वर्षांची मुलगी, अस्खलित इंग्रजी, मानवी हक्क कायद्याचा आधार आणि वकील म्हणून तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या पत्नी शेरी बूथ. हिला ब्रिटिश समाजात मिसळता आलं नाही, असं कोण म्हणेल? आईला या देशाकडे काही मागता येत नव्हतं. मुलीला येत होतं, आणि तिने मागितलं.

कोर्टात काय झालं

कोर्टाचा भाग थोडक्यात सांगते. जून २००४ मध्ये हायकोर्टाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००५ मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला: मुलीला धर्माचरणाचा हक्क आहे, तिथून सुरुवात करून मग त्यावर बंधन का घालायचं याचा विचार शाळेने पायरीपायरीने करायला हवा होता, तो केला नाही, असं त्यांचं म्हणणं. २२ मार्च २००६ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या, पाच न्यायाधीशांनी एकमताने पुन्हा शाळेची बाजू उचलून धरली. शाळेने विचार कोणत्या क्रमाने केला यापेक्षा प्रत्यक्षात काय केलं ते योग्य होतं का, हा खरा प्रश्न, असं त्यांनी म्हटलं.

निकाल एकमताचा असला तरी कारणांत फूट होती. लॉर्ड बिंगहॅम, लॉर्ड हॉफमन आणि लॉर्ड स्कॉट यांच्या मते मुलीच्या हक्कावर गदाच आली नव्हती, कारण जिलबाब चालणारी शाळा जवळ होती. लॉर्ड निकल्स आणि लेडी हेल यांना ते पटलं नाही. निकल्स यांनी लक्षात आणून दिलं की मधल्याच वर्गातून शाळा बदलणं मुलासाठी वाटतं तितकं सोपं नसतं. या दोघांच्या मते हक्कावर गदा आली, पण शाळेची कारणं त्याला पुरेशी होती.

ती कारणं कोणती? शाळेतल्या इतर मुलींनी शिक्षकांना सांगितलं होतं की जिलबाबला परवानगी मिळाली तर आमच्यावरही तो घालायचा दबाव येईल. जिलबाबवाल्या ‘चांगल्या मुसलमान’ आणि शलवार-कमीजवाल्या कमी प्रतीच्या, अशी वर्गवारी होईल. फेब्रुवारी २००४ मध्ये एका जहाल गटाच्या तरुणांनी शाळेच्या फाटकासमोर निदर्शनं केली होती, मुसलमान मुलांना अशा शाळेत घालूच नये म्हणून. या मुलींची भीती हवेतली नव्हती.

सगळ्या निकालपत्रात मला लेडी हेल यांचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. प्रौढ स्त्रीने आपल्या मनाने पूर्ण पडदा स्वीकारला तर तो बघून कुणाला खुपतं म्हणून तिला अडवता येणार नाही, हे त्या स्वच्छ सांगतात. ज्यांना खुपतं त्यांत पाश्चात्त्य स्त्रीवादीही आल्या. पण शाळेतल्या मुलीचं तसं नाही. किशोरवयात मूल अजून घडत असतं, त्याची निवड पूर्णपणे त्याची असेलच असं धरून चालता येत नाही. शाळेचं काम सगळ्या मुलांना पुढे नेण्याचं आणि वेगवेगळ्या घरांतून आलेल्यांना एकत्र राहायला शिकवण्याचं. त्यासाठी गणवेश भेद कमी करतो, आणि ज्या मुलींना घरून किंवा गल्लीतून येणारा दबाव नको असतो, त्यांना आडोसा देतो.

मराठी वाचकासाठी दोन शब्द

हे प्रकरण आपल्याकडे सांगताना मला दोन अडचणी येतात.

पहिली अडचण आपल्या चांगल्या परंपरेतूनच येते. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यामुळे मराठी मनात मुसलमान समाजातला तरुण म्हणजे सुधारक आणि थोरले म्हणजे सनातनी, हे चित्र पक्कं बसलं आहे. त्या परंपरेचा मला अभिमान आहे. पण दलवाईंच्याच कोकणात, चिपळूण-रत्नागिरी-रायगड पट्ट्यात, आज जाऊन बघा. आजी साडी नेसते, डोक्यावर पदर घेते, घरात कोकणी बोलते. नात पायघोळ अबाया घालते, सुरेख इंग्रजी बोलते, इंजिनियरिंग किंवा फार्मसी शिकते, आणि आजीच्या काही रिती तिला धर्माबाहेरच्या वाटतात. आखातातल्या नोकऱ्यांनी जो धर्म घरी आणला, ब्रिटनला गेलेल्या कोकणी मुसलमान घरांत जी चर्चा चालते, ती ल्यूटनच्या कमीज आणि जिलबाबच्या वादापेक्षा फार वेगळी नाही. नातीला मागास म्हणून आजीला पुरोगामी ठरवणं सोपं आहे. आजीने मुलीला सातवीनंतर घरी बसवलं होतं आणि नात पदव्युत्तर शिकते आहे, हेही त्याच घरात घडतं.

दुसरी अडचण अलीकडची. उडुपीच्या महाविद्यालयातल्या हिजाबबंदीवरून २०२२ मध्ये देशभर वाद पेटला, त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांचं मत दोन बाजूंना गेलं. २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या वेशबंदीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, ते फेटाळलं गेलं, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशातल्या हिजाबबंदीला स्थगिती दिली. अशा वेळी काही जण म्हणतात, बघा, ब्रिटनच्या कोर्टानेही शाळेचीच बाजू घेतली. हे प्रामाणिक नाही. डेनबीत स्कार्फला परवानगी होती, शाळेने त्याचा रंग आणि कापडसुद्धा ठरवून दिलं होतं. गणवेश ठरवताना मशिदींना विचारलं होतं. नियामक मंडळात मुसलमान पालक होते, मुख्याध्यापिका मुसलमान घरातल्या होत्या. शाळेचा नियम ऐकून घेऊन झालेला होता, म्हणून तो कोर्टात टिकला. आणि लॉर्ड बिंगहॅम यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की हा निकाल विशिष्ट शाळेतल्या, विशिष्ट ठिकाणच्या आणि विशिष्ट काळातल्या एका विद्यार्थिनीपुरता आहे. फ्रान्सने १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना सरसकट मनाई केली, तो मार्ग ब्रिटनने घेतलेला नाही.

मला खटकतं ते

निकाल मला मान्य आहे. शलवार-कमीजवाल्या मुलींना आडोसा हवा होता आणि तो शाळेनेच द्यायला हवा होता. एका मुलीच्या श्रद्धेसाठी शेकडो मुलींवरची गल्लीची नजर शाळेच्या आत येऊ देणं मला पटलं नसतं.

पण दोन वर्षं ही मुलगी शाळेबाहेर राहिली, याची जबाबदारी मी फक्त भावावर टाकायला तयार नाही. लॉर्ड हॉफमन लिहितात की शबीनाला शाळेची आणि स्थानिक शिक्षण खात्याची मदत मागता आली असती, शाळा बदलता आली असती, पण ही अडचण शाळेची आहे असं तिने आणि भावाने ठरवलं. कायद्याच्या नजरेने हे बरोबर असेल. चौदाव्या वर्षी मात्र अशी मदत मागणारी मुलं मी फार कमी पाहिली आहेत. त्या वयात पवित्रा घेतला की मागे फिरणं म्हणजे हार. आणि पवित्रा घेताना शेजारी एकोणीस वर्षांचा भाऊ उभा असेल तर हार दोघांची.

त्या घरात आणखी एक माणूस होतं. आईबद्दल लॉर्ड बिंगहॅम यांच्या हकीगतीत जेमतेम एक ओळ आहे: तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि निकाल लागेपर्यंत ती हयात नव्हती. नवरा गेलेला, तीन मुलं, परका देश. याच बाईने हद्दीबाहेरची ही शाळा दोन मुलींसाठी निवडण्यात वाटा उचलला असणार. मुलीचा जिलबाब तिला पटला होता का, की तिला त्याचा अभिमान होता, की मुलगा घरचा कर्ता झाला तेव्हा तिने बोलायचं सोडून दिलं होतं, यातलं काहीही त्या हकीगतीतून कळत नाही. शाळा इंग्रजीत पत्र लिहिणार, घरात ते मुलगा वाचणार, उत्तरही तोच देणार. स्थलांतरित घरांत हे रोज घडतं. दवाखान्यात, बँकेत, कचेरीत मुलगा आईचा दुभाषी असतो, आणि हळूहळू घरातल्या निर्णयांची सूत्रंही त्याच्याकडे जातात. बापाच्या माघारी तर लवकरच.

गटात मी म्हणून एवढंच विचारते: ३ सप्टेंबरला तुम्ही त्या फाटकाशी असता तर पहिल्या आठवड्यात काय केलं असतं? बहुतेक जण नियमाकडे धावतात, काही जण सवलतीकडे. माझं उत्तर वेगळं आहे. मुलीशी भावाला बाहेर बसवून बोलायचं, एकदा नाही, दोन-तीनदा, आणि तेही एखाद्या बाई शिक्षिकेने, शक्यतो मुसलमान. तिला काय हवं आहे ते तिच्या शब्दांत ऐकायचं. आईला तिच्या भाषेत घरी जाऊन भेटायचं, मुलाला दुभाषी न करता. डेनबीच्या मुख्याध्यापिका बंगाली घरात वाढलेल्या होत्या, म्हणजे असं बोलणारं माणूस शोधायला लांब जायची गरज नव्हती. गणवेश बदलणार नाही हे पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगायचं, म्हणजे खोटी आशा राहत नाही. आणि तरीही मुलगी ठाम राहिली तर जिलबाब चालणाऱ्या शाळेत तिची जागा आपण स्वतः फोन करून, चार दिवसांत पक्की करायची, दाखल्याचे कागद हातोहात द्यायचे. कोण बरोबर हे कोर्ट नंतर ठरवत बसेल, नववीचा अभ्यास तोपर्यंत थांबत नाही.

एका सत्रात नांदेडकडच्या एका शिक्षिकेने याला हरकत घेतली. म्हणाल्या, ताई, एवढं सगळं करायला शाळेकडे माणसं कुठे आहेत? माझ्या वर्गात साठ मुलं. हरकत खरी आहे. त्यावर मी त्यांना म्हटलं, सगळं जमणार नसेल तर यातली एकच गोष्ट करा, आईला भेटा. त्या म्हणाल्या, तेवढं जमेल.